टनावरच्या भावात फिटर कसा घडणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2026-27 च्या सिंहस्थासाठी नाशकात पूल आणि रस्त्यांची कामे निघाली, इमारती तर बाराही महिने चालूच असतात. सळई बांधणारा फिटर मात्र अजूनही हेल्पर म्हणून तार-सळई वाहत, बघून बघूनच शिकतो. त्याला शिकवणारा मुकादम टनाच्या भावाने काम घेतो आणि खरी गोम इथेच आहे.

25 मिमीची 12 मीटर लांब सळई 46 किलो भरते. (व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे एका मीटरचे वजन, हे पहिल्याच आठवड्यात यायला हवे.) 230 बाय 450 मिमीच्या कॉलमची 8 मिमीची रिंग (उभ्या सळयांभोवतीचा आडवा वेढा) जेमतेम अर्धा किलो. म्हणजे त्या एका सळईइतके वजन भरायला शंभरेक तुकडे तोडा, प्रत्येकाला पाच वाक द्या, वर प्रत्येक रिंग उभ्या सळयांना तारेने आवळा. भाव तोच! मग हात आखडतो तो रिंगांवरच.

नाशिक भूकंपक्षेत्र 3 मध्ये आहे. रिंगेची टोके 135 अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात न्यायची असतात. 90 अंशांतच सोडली, तर हादऱ्यात कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) झडले की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. बीमच्या वर-खाली रिंगांमधले अंतर 100 मिमीपेक्षा जास्त नको. कॉलम-बीमच्या सांध्यात बीमची सळई आडवी येते, म्हणून तिथल्या रिंगा तर सर्रास गाळल्या जातात.

बाल्कनीत चूक वेगळी होते. तिथे मुख्य सळई वरच्या अंगाला असते. चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे घोडे) कमी पडल्या की काँक्रीट ओतणाऱ्यांच्या पायाखाली जाळी दबते. 125 मिमीच्या स्लॅबमध्ये ती 30 मिमी खाली गेली, तर जवळपास तीस टक्के ताकद गेली असे समजा. वरून काही दिसत नाही. सेंटरिंग काढल्यावर मुळाशी तडा जातो, तेव्हा कळते.

अमेरिकेत लोखंडकाम करणाऱ्यांची युनियन 1896 पासून आहे. तिथे युनियन आणि ठेकेदारांची संयुक्त समिती तीन-चार वर्षांची उमेदवारी चालवते. शिकाऊला पहिल्या दिवसापासून पगार मिळतो. तो मुरलेल्या कामगाराच्या दराच्या ठरावीक टक्क्याने सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने वाढतो; वर्गातले तास वेगळे. पोटासाठी टन भरायची घाई शिकाऊला नसते.

आपल्याकडे 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, पण सक्ती 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला. सळईची टोळी दहा-पंधरा जणांची, म्हणजे ती सुटली. शिवाय या कायद्यात शिकाऊ हा कामगार धरला जात नाही, त्यामुळे युनियनलाही त्याच्या वतीने बोलायला फारसा वाव नाही.

पैसा नाही, ही सबब मात्र चालणार नाही. बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच घेतला जातो. त्यातून बिल्डर आणि कामगार संघटनांनी मिळून नाशकात दोन वर्षांची सळईकामाची उमेदवारी सुरू करावी. मासिक वेतन मुख्य ठेकेदाराने द्यावे, मुकादमाने नव्हे. आठवड्यातून एक दिवस सातपूरच्या आयटीआयमध्ये नकाशा वाचणे आणि बारबेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती लांब तोडायची, कुठे वाकवायची याचा तक्ता) काढणे शिकवावे. पहिले सहा महिने फक्त रिंगा, कव्हर राखणारे कव्हर ब्लॉक आणि चेअर; मोठ्या सळया नंतर. हजेरी नोंदलेली असली की बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारा 90 दिवसांचा दाखलाही आपोआप निघेल. आज त्या दाखल्यासाठी पोरे ठेकेदाराच्या मागे फिरतात.

परीक्षा लेखी नको. एक कॉलम सांध्यासकट बांधायला लावावा आणि परीक्षकाने प्रत्येक रिंगेचे टोक हाताने चाचपून पाहावे.

आपले,
सळईकामावरचे काही साइट सुपरवायझर, सातपूर, नाशिक