सातव्या कलमाविषयी

चि. मंदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वकिलांनी केलेला संमती-अटींचा मसुदा सावकाश वाचला. तुम्ही दोघांनी परस्पर संमतीने वेगळे व्हायचे ठरवले आहे, त्यावर बोलायचे ते आपण बोलून चुकलो आहोत; तो विषय पुन्हा उकरून काढत नाही. हे पत्र मुख्यतः सातव्या कलमापुरते आहे. अश्विनीने कोथरूडच्या फ्लॅटमधील आपला निम्मा हिस्सा तुझ्या नावे करून द्यावा, म्हणजे सईच्या ताब्याचा दावा तू मागे घेशील, असे त्यात लिहिले आहे. हे कलम काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोकरी झाल्याने दस्त कशासाठी लिहिला आहे हे ओळखण्याची सवय मला आहे. मालमत्तेचा दस्त एकदा रीतसर नोंदला की तो सहसा कायमचा असतो. ताब्याचा आदेश मात्र तसा नसतो. मुलाची परिस्थिती बदलली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली तो बदलून मागता येतो. तेव्हा एक कायमची आणि एक बदलती गोष्ट तू एकाच तागडीत घातली आहेस. शिवाय न्यायाधीश हे कलम वाचतील, तेव्हा तुला मुलगी हवी होती की फ्लॅट, हा प्रश्न त्यांना पडल्याशिवाय राहणार नाही.

पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावे, असे 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे आणि सईला सहावे सरले, यावर तुझे वकील भर देतात. पण त्याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वांत वरचे मानते. तू रात्री नऊला घरी येतोस. शाळेतल्या बाईंना सईच्या आईचा नंबर पाठ आहे, तुझा नाही. हे टोचावे म्हणून लिहीत नाही. समुपदेशकांसमोर पहिल्याच बैठकीत हेच विचारले जाईल.

त्यापेक्षा ज्यासाठी खरोखर भांडावे, ते नववे कलम तू अर्ध्या ओळीत उरकले आहेस. ‘वडिलांना वाजवी भेटीचा हक्क राहील’ एवढ्याने काहीही होत नाही. कोणते शनिवार, किती वाजल्यापासून, शाळेतून कोण आणणार, मुक्काम असेल का, मे महिन्याच्या सुट्टीचे किती दिवस, दिवाळी कोणाकडे, गणपतीत गावी यायचे की नाही, फोन किती वाजता, पासपोर्ट कोणाकडे, हे सगळे लिहून घे. सईचा कथ्थकचा वर्ग शनिवारी सकाळी असतो. भेट दुपारी ठेव किंवा तूच तिला वर्गाला घेऊन जा. वर्गाबाहेरच्या बाकावर तासभर बसणे ही काही कमी भेट नव्हे. तारखा लिहिलेल्या नसल्या, की पुढे प्रत्येक सणाला वकिलांचे फोन सुरू होतात.

फ्लॅटचे गणित वेगळे मांड. आपल्याकडे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता आपोआप निम्मी होत नाही (गोव्याची गोष्ट निराळी, तिथे समाईक संपत्तीची पद्धत आहे). कागदावर नाव कोणाचे आणि पैसे कोणी भरले, हे पाहिले जाते. नावे दोघांची आहेत, हप्तेही दोघांच्या पगारातून गेले. बाजारभाव काढ, कर्जाची बाकी वजा कर आणि तिच्या हिश्श्याची रक्कम देऊन हक्कसोडपत्र करून घे. कर्ज दोघांच्या नावावर असल्याने आधी बँकेची लेखी संमती लागेल. ते जमत नसेल, तर फ्लॅट विकून पैसे वाटून घ्या.

‘सईसाठी पोटगी मागणार नाही’ हे आठव्या कलमातले अश्विनीच्या तोंडचे वाक्यही ठेवू नकोस. पोटगी हा सईचा स्वतःचा हक्क आहे, तो तिच्या आईने सोडला म्हणून सुटत नाही. गावच्या जमिनीचेही तसेच. ती वडिलोपार्जित आहे आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीला त्यात जन्मतःच हिस्सा मिळतो. सई कोणाकडे राहते याचा त्याच्याशी संबंध नाही. सईचे नाव वगळणाऱ्या कोणत्याही कागदावर मी सही करणार नाही.

राहिले अश्विनीचे दागिने. तोडे, मोहनमाळ आणि तिच्या माहेरून आलेल्या चार बांगड्या आपल्या लॉकरमध्ये आहेत. ते स्त्रीधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले आहे की त्यावर मालकी फक्त तिची असते. ते वाटाघाटीत धरायचे नाही. तुझी आई आणि मी येत्या आठवड्यात यादी करून, तिची पोच घेऊन, ते परत देणार आहोत. तुला विचारत नाही, कळवतो आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज केल्यानंतर साधारणपणे सहा महिने थांबावे लागते. दोन्ही बाजूंचे सगळे मिटलेले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानुसार ही मुदत न्यायालय माफ करू शकते. अटींवर घोळ राहिला तर ती सवलत मागायलाही तोंड उरणार नाही. रविवारी येताना फ्लॅटचा नोंदलेला करारनामा, बँकेचा कर्जखाते उतारा आणि सोसायटीचे भागपत्र घेऊन ये. सातवे, आठवे आणि नववे कलम आपण बसून नव्याने लिहू आणि सोमवारी वकिलांना देऊ.

तुझे
बाबा