घाण्याचे तेलही बियांचेच!

महोदय,

‘बियांचे तेल शरीराला जाळता येत नाही, ते चरबीत अडकून दाह निर्माण करते, म्हणून रिफाइंड सोडा, लाकडी घाण्याचे वापरा,’ हा प्रचार सध्या पुण्यात घरोघरी पोहोचला आहे. पण घाण्यावर मुख्यतः शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल गाळतात, आणि या सगळ्या बियाच आहेत. ज्या ओमेगा-६ लिनोलेइक आम्लाच्या (तेलाच्या एका घटकाच्या) नावाने बोटे मोडली जातात, ते आपल्या पारंपरिक करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के असते. सोयाबीनमध्ये निम्म्याच्या आसपास, शेंगदाण्यात साधारण ३० टक्के. हे प्रमाण पीक आणि वाण ठरवतात. घाण्याने किंवा रिफायनिंगने ते फारसे बदलत नाही.

पचनाचा मार्ग या सर्व तेलांचा एकच. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले, म्हणजे लिनोलेइकसारख्या कार्बनच्या साखळ्या, जोडलेली असतात. जठरात थोडाच भाग फुटतो. लहान आतड्यात पित्तक्षार तेलाचे बारीक थेंब करतात आणि स्वादुपिंडातले लायपेज (मेद तोडणारा विकर, म्हणजे एन्झाइम) दोन्ही कडांची मेदाम्ले सोडवते. आतड्याच्या पेशी हे तुकडे पुन्हा जोडतात, प्रथिनाचे वेष्टन चढवतात आणि कायलोमायक्रॉन नावाच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात लसिकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) सोडतात. तिथून ते मानेच्या डाव्या बाजूला रक्तात मिसळतात. निरोगी माणसात खाल्लेला जवळजवळ सगळा मेद असा शोषला जातो. शौच तेलकट, फिकट, तरंगणारे होत असेल तर पित्तनलिका आणि स्वादुपिंड तपासून घ्यावे, तेल बदलत बसू नये.

‘जाळता येत नाही’ हे तर साफ चूक. पेशीतल्या तंतुकणिकेत (ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात) मेदाम्लाचे दर फेरीला दोन कार्बन तुटतात. लिनोलेइकमध्ये १८ कार्बन आणि दोन दुहेरी बंध असतात. तीन फेऱ्यांनंतर पहिला बंध अडचणीच्या जागी येतो. एक विकर तो एक घर सरकवतो. पुढच्या बंधासाठी आणखी एक विकर लागतो. हे दोन्ही आपल्या पेशींत तयार असतात, आणि आठ फेऱ्यांत संपूर्ण रेणू संपतो. शरीरातल्या चरबीत साठलेले लिनोलेइक निम्मे बदलायला दोनेक वर्षे लागतात हे खरे, पण तिथला सगळाच मेद सावकाश बदलतो. शिवाय हे आम्ल शरीराला बनवता येत नाही आणि त्वचेच्या आवरणाला ते लागतेच. ते आहारात वाढवले म्हणून माणसांच्या रक्तात ॲराकिडोनिक आम्ल (लिनोलेइकपासून बनणारे, दाहाशी जोडले जाणारे मेदाम्ल) किंवा दाहाच्या खुणा वाढल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही. उणीव असते ती ओमेगा-३ची. त्यासाठी जवसाची चटणी किंवा मासे खावेत.

काळजी करायची तर प्रमाणाची करा. बैठे काम करणाऱ्याला रोज स्वयंपाकात वरून घातलेले २० ते २५ ग्रॅम तेल पुरते, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर. एक ग्रॅम तेल नऊ कॅलरी देते, मग ते घाण्याचे असो वा पिशवीतले.

दुसरी काळजी कढईची. लिनोलेइकच्या दोन दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो, तिथे ऑक्सिजन चिकटतो आणि तेल बिघडते. म्हणून नेहमीची करडई आणि सूर्यफूल वारंवार तळायला वाईट. त्यापेक्षा शेंगदाणा बरा. वडे-भजी तळणाऱ्या गाड्यांवर जुन्या तेलात नवे ओतत राहतात, त्यात हा बिघाड साचत जातो. तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगे (तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांहून जास्त झाली की ते टाकून द्यावे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८पासून आहे. घरी मोजता येत नाही, पण फेस बसेनासा झाला, तेल चिकट आणि काळपट झाले, लवकर धुरकटू लागले, की संपले. एकदा तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला वापरावे, पुन्हा तळणीला घेऊ नये.

घाण्याच्या तेलाला आमचा विरोध नाही. त्याचा वास आणि चव रिफाइंडला नाही. मात्र शेंगदाणे बुरशीचे असतील तर त्यातले काही अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) तेलात उतरते. रिफायनिंगमध्ये ते बहुतांश निघून जाते, घाण्यावर निघत नाही. तेव्हा दाणे गाळायला टाकण्याआधी निवडून घ्यावेत, आणि घाणेवाल्यांनी बाटलीवर तेल गाळल्याची तारीख ठळक लिहावी.

— जीवरसायनशास्त्राचे काही शिक्षक, पुणे