सुलूला पत्र

होव्ह, रविवार

प्रिय सुलू,

दिवाळीपासून पत्र नाही, तुझ्या शिव्या पोचल्या. गुडघा बरा, ह्यांची साखर आटोक्यात. झालं. आता ऐक.

इथल्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी ब्रायटनच्या किनाऱ्याचा जुना फोटो आलाय. मागे पेन्सिलीने ‘१८७०’. साफ थाप! उजवीकडे मेट्रोपोल हॉटेल उभं आहे, ते १८९० चं. डावीकडे समुद्रात वेस्ट पिअर, पण त्याच्या टोकाला १८९३ चा पॅव्हिलियन नाही. म्हणजे मधली दोन-तीन वर्षं. इथवर मंगलसुद्धा पोचली असती. (तिला सांगू नकोस.)

पण खाली, घोडे लावून पाण्यात ओढायच्या त्या चाकांच्या न्हाणीघरांपाशी, गोट्यांवर एक बाई बसलीय. डोक्यावरून पांढरं काहीतरी, मांडीवर गोरं पोर, चेहरा काळासावळा. सगळे ओरडले, ‘आया! आपली आया!’ आणि फोटोखालची ओळ लिहायची मी.

असेलही गं. साहेबांच्या पोरांबरोबर आया बोटीने यायच्याच, परतीचं कुटुंब मिळेपर्यंत राहायला लंडनला ऑल्डगेटमध्ये त्यांचं वसतिगृहही होतं. पण तेव्हा फोटो ज्या काचेवर उमटायचा तिला निळा भरपूर दिसायचा, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून आकाश कोरं पांढरं आणि उन्हाने रापलेली कुठलीही इंग्रज कोळीण काळी. शेजारचा होडीवाला तर तिच्याहून काळा आलाय, त्याला कुणी रत्नागिरीचा म्हणत नाही! डोक्यावर पदर की बॉनेट? मान हलली, सगळं फिसकटलंय. पोर झोपलेलं, ते मात्र लख्ख.

अजिंठा आठवतं? सोळा नंबरच्या लेण्यात गाइड म्हणाला ‘मरणासन्न राजकन्या’, आणि तू त्याच्यावर तुटून पडलीस: ही नंदाची सुंदरी, नवरा भिक्खू झाला म्हणून कोसळलीय, मरतबिरत नाही! मी ‘असू दे ना’ म्हणाले, तर सिल्लोड येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. आता तेच भांडण माझ्या गळ्यात. ‘आया’ लिहिलं तर पुराव्याविना. नाही लिहिलं आणि असली तर? तिच्या मालकांची नावं कुठेतरी असतील, तिचं कुठेच नाही, आणि आम्हीही तिला ‘एक स्त्री’ करून टाकायचं?

मुक्ताचं ठरलं का? मुलगा काय करतो? वाड्याच्या कागदांवर घाईने सही करू नकोस, आधी अण्णांना दाखव.

फोटो मोठा करून सोबत पाठवतेय. डाव्या मनगटावर बांगड्या आहेत की सावली, भिंग घेऊन बघ आणि लगेच फोन कर. शुक्रवारी छपाईला जातंय.

तुझी,
शमा