रात्रपाळीच्या सिस्टर, मनापासून आभार

माझ्या लेकीला जन्मतःच स्टर्ज-वेबर हा रक्तवाहिन्यांचा आजार. अर्ध्या चेहऱ्यावर लालसर-जांभळा डाग, त्याच बाजूच्या डोळ्यात काचबिंदू. नजर केव्हाच गेली होती, ठणका मात्र थांबेना. गेल्या महिन्यात तो डोळा काढावा लागला. आत रक्तवाहिन्यांची गाठ, त्यामुळे रक्तस्रावाची धास्ती होतीच.

आदल्या रात्री तिने विचारलं, "आई, तिथे भोक राहणार?" मला बोलवेना. तुम्ही तिच्या शेजारी बसलात, रुमालात लिंबू गुंडाळलंत (आमच्याच डब्यातलं!) आणि सांगितलंत, आत असा गोळा बसवतात, स्नायू त्याला जोडतात, मग ६ ते ८ आठवड्यांनी वर रंगवलेला डोळा. शिवाय तिच्या बाहुलीलाही पट्टी बांधलीत.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. बाहुलीची पट्टी ती अजून कुणाला सोडू देत नाही.