पाटीची वेळ विचारणं म्हणजे बेशिस्त नव्हे

महोदय,

ब्रिटनमधल्या बदलत्या वेगमर्यादेच्या मोटरवेवरचा, म्हणजे रहदारी पाहून विजेच्या पाट्यांवर मर्यादेचा आकडा बदलणाऱ्या महामार्गांवरचा, कालच्या अंकातला लेख वाचला. तिथं नोटीस आली की लोक हुज्जत न घालता दंड भरतात, आपल्याकडे ही शिस्त कधी येणार, असा लेखकाचा सूर आहे. मी गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. इथले लोक मुकाट्यानं पैसे भरतात हे खरं आहे. पण त्यातल्या अनेकांना ते पटलेलं नसतं, जाब विचारणं परवडत नाही म्हणून ते भरतात. लेखकानं ही बाजू एका ओळीतही मांडलेली नाही.

आमच्याच घरचं सांगतो. आईला हीथ्रोवरून घेऊन रात्री उशिरा घरी येत होतो. गाडी पत्नी चालवत होती, रस्ता मोकळा होता. रस्त्यावरच्या एका कमानीवरच्या पाट्या कोऱ्या होत्या, म्हणजे नेहमीची ताशी 70 मैलांची मर्यादा. पुढच्या कमानीवर अचानक लाल वर्तुळात 50 झळकलं. पत्नीनं लगेच पाय काढला. मागं भलामोठा ट्रेलर असताना करकचून ब्रेक मारणं शक्य नव्हतं. काही दिवसांनी नोटीस आली: मर्यादा 50, वेग 58.

गाडी माझ्या नावावर, म्हणून नोटीस माझ्या नावानं. ती गाडीमालकाला 14 दिवसांत पोचली पाहिजे असा कायदा आहे आणि ती वेळेत पोचली, त्याबद्दल तक्रार नाही. मग चालक कोण होता ते 28 दिवसांत कळवायचं. न कळवल्यास लायसन्सवर नियमभंगाचे सहा पॉइंट आणि हजार पौंडांपर्यंत दंड. वेगाच्या साध्या गुन्ह्याला तीन पॉइंट आणि शंभर पौंड. आम्ही वेळेत कळवलं.

त्या नोटिशीवर तारीख, वेळ, ठिकाण, वेग सगळं होतं. फक्त 50चा आकडा पाटीवर किती वाजता लागला, ते नव्हतं. जिथं मर्यादा कायम 70 असते तिथं हा प्रश्न येत नाही. पण जिथं आकडा मिनिटामिनिटाला बदलू शकतो, तिथं गुन्हा घडला की नाही हे त्या वेळेवरच ठरतं. फोटो मागवला. त्यात गाडीची मागची बाजू आणि नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती, पाटीवरचा आकडा कुठंच नव्हता. कोणत्या पाटीवर कोणता आकडा कधी लागला, कधी उतरला याची संगणकीय नोंद ठेवलेली असते. ती मागितली. उत्तरात पुन्हा आधीचेच तीन पर्याय: पैसे भरून वेगाबद्दलचा कोर्स करा (तो केला की पॉइंट लागत नाहीत), दंड भरा, नाहीतर कोर्टात जा. आणि खाली मुदतीची तारीख.

कोर्टात गेलं की कोर्सची संधी हातची जाते. हरलं तर दंड मिळकतीच्या हिशेबानं लागतो, मोटरवेवर तो अडीच हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो, शिवाय कोर्टाचा खर्च आणि पॉइंट वेगळेच. पत्नी घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करते, गाडी हेच तिचं पोट. विमा कंपन्या पाच वर्षं मागचं विचारत राहतात. तिनं पैसे भरून कोर्स केला. आई अजूनही म्हणते, मला आणायला आलात म्हणून तुम्हाला भुर्दंड पडला. याला शिस्त म्हणायचं असेल तर माझी हरकत आहे.

आणि यंत्र चुकत नाही असं कुणी समजू नये. इंग्लंडचे मोटरवे सांभाळणाऱ्या नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीनं डिसेंबर 2025मध्ये स्वतःच कबूल केलं की काही ठिकाणी पाटी आणि कॅमेरा यांच्यात सुमारे 10 सेकंदांची तफावत पडत होती, आणि ती 2021पासून. ताशी 60 मैलांनी धावणारी गाडी तेवढ्यात पाव किलोमीटरपेक्षा पुढं जाते. ज्यांना चुकून दंड झाला त्यांना पैसे परत द्यायचं ठरलं. इतकी मोठी गोष्ट लेखात नसावी, याचं आश्चर्य वाटलं.

कॅमेरे काढा असं माझं म्हणणं नाही. लंडनभोवतीच्या एम 25वर 1995पासून ही पद्धत आहे, आणि गर्दीच्या वेळी सगळ्यांचा वेग थोडा उतरवला की थांबत-धक्के खात जाणं कमी होतं हे मी रोज पाहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही असंच करा, अशी सूचना लेखाच्या शेवटी आहे. जरूर करा. मात्र आकडा पाटीवर कधी लागला ती वेळ नोटिशीवरच छापा आणि पाटी दिसेल असा फोटो सोबत जोडा. कोर्टाची पायरी चढल्याशिवाय ही माहिती मिळत नसेल तर सामान्य माणूस ती मागणारच नाही.

जाता जाता आणखी एक. लेखात सगळीकडे 'ताशी 50 किलोमीटर', 'ताशी 70 किलोमीटर' असं छापलं आहे. ब्रिटनमध्ये हे आकडे मैलांचे असतात. 50 मैल म्हणजे सुमारे 80 किलोमीटर. तुमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांची मुलं इथं शिकतात, नोकरी करतात, आणि त्यांना भेटायला आलेले आईवडील भाड्याची गाडी घेऊन मोटरवेवर जातात. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती ठळक छापावी.

आपला,
एक वाचक, कॉव्हेंट्री (मूळ गाव सातारा)