ढवळीच्या पिल्लांविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी पाळलेली सशाची मादी, ढवळी, व्याल्याचे कळल्यापासून तुम्ही दोघे फोनवर तिच्याविषयी जितके विचारता, तितके माझ्याविषयीही विचारत नाही. परंतु घाईघाईत दिलेल्या उत्तरांनी आईचे समाधान होत नाही, हे मला जाणवते. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आईची मुख्य तक्रार अशी की, ढवळी दिवसभर पिल्लांपासून लांब जाऊन बसते, तेव्हा तिला माया नसावी. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. घरात पाळले जाणारे ससे हे युरोपातील रानटी सशांचे वंशज असून, त्या सशांची मादी पिल्लांसाठी वेगळे बीळ खणते, बाहेर पडताना त्याचे तोंड मातीने बुजवते आणि चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, केवळ तीन ते पाच मिनिटे पाजण्यासाठी परत येते. ती पिल्लांजवळ बसून राहिली, तर तिच्या वासाच्या मागावर कोल्हा किंवा मुंगूस बिळापर्यंत पोहोचेल. त्यामुळे दूर राहणे हेच तिचे राखणे असते. ढवळीने आयुष्यात कोल्हा पाहिलेला नाही, तरी ही रीत तिच्या रक्तातच आहे. ती बहुधा रात्री किंवा पहाटे पाजते, आणि मला स्वतःलाही ते क्वचितच पाहायला मिळाले आहे.

बाबा म्हणाले की, त्यांनी रानात पाहिलेली सशाची पिल्ले केसाळ होती आणि त्यांचे डोळेही उघडे होते, मग ही अशी उघडीवाघडी आणि आंधळी कशी? बाबा, तो आपल्याकडचा रानससा. त्याची जातच वेगळी. तो बिळात राहत नाही, त्यामुळे त्याची पिल्ले उघड्यावर जन्मतात आणि तयारीनिशीच जन्मतात. ढवळीच्या पिल्लांना जन्मतः ना दिसते, ना ऐकू येते, ना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येते. आठवडाभरात लव येते आणि दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात.

म्हणूनच त्यांची सारी भिस्त घरट्यावर असते. सशाची मादी साधारण एकतीस दिवसांनी विते; त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत ढवळीने स्वतःच्या पोटावरचे केस उपटून, खोक्यात ठेवलेल्या वाळक्या गवतावर त्यांची गादी केली. आईला ते पाहून वाईट वाटले होते, पण त्यामुळे पिल्लांना ऊब मिळते आणि मादीची स्तनाग्रेही मोकळी होतात. एक पिल्लू मेलेलेच जन्मले, ते मी लगेच काढून टाकले. आणखी एक ध्यानात ठेवावे लागते: मांजर जसे पिल्लाला तोंडात धरून जागेवर आणते, तसे ससा करत नाही. स्तनाला चिकटलेले पिल्लू तिच्याबरोबर खोक्याबाहेर ओढले गेले, तर ते आपणच उचलून ठेवायचे, आणि ते गारठलेले असेल तर दुधाचा विचार करण्याआधी त्याला ऊब द्यायची. माणसाचा हात लागला की मादी पिल्ले टाकते, ही समजूत पाळीव सशांच्या बाबतीत तरी खरी नाही.

आता गाईच्या दुधाविषयी. कापसाच्या वातीने दूध पाजण्याची बाबांची सूचना प्रेमाची आहे, पण कृपया तिचा आग्रह धरू नये. सशाच्या दुधात स्निग्धांश दहा टक्क्यांहून अधिक असतो, तर गाईच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास; शिवाय एवढ्याशा जिवाच्या फुप्फुसात थेंब गेला तर न्यूमोनिया होतो. पिल्ले उपाशी आहेत की नाहीत, हे त्यांच्या पोटावरून कळते. प्यायलेल्या पिल्लाचे पोट टम्म आणि कातडी तुकतुकीत असते, उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतते. मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येकाचे वजन करून लिहून ठेवते, आणि ते वाढत असेपर्यंत मध्ये पडण्याचे कारण नाही.

पवळ्याला, म्हणजे नर सशाला, वेगळे ठेवले, याचे बाबांना वाईट वाटते. परंतु सशाच्या मादीत बीज सुटते ते समागमानंतर काही तासांनी, त्यामुळे ती व्यायल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. एकीकडे पिल्लांना पाजत दुसरी खेप पोटात वाढवणे तिच्या अंगावर येईल. त्याची नसबंदी करायची ठरवली आहे. मात्र त्यानंतरही काही आठवडे त्याला दूरच ठेवावे लागेल.

खरी कसोटी पुढे आहे. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पिल्ले खोक्याबाहेर येऊन गवत कुरतडू लागतात आणि ढवळीच्या मऊ लेंड्याही खातात. आईने नाक मुरडू नये, पचनाला लागणारे जंतू त्यांना त्यातूनच मिळतात. या काळात आहार एकाएकी बदलला तर जुलाब होतात आणि एवढ्या लहान वयात ते जिवावर बेततात. म्हणून वाळके गवत भरपूर द्यायचे आणि पाला अगदी हळूहळू सुरू करायचा.

तुम्ही दोन पिल्ले मागितली आहेत. आठ आठवड्यांच्या आत ती आईपासून तोडणार नाही. तोवर एवढा विचार करावा की, ससा आठ-दहा वर्षे जगतो, विजेच्या वायरी कुरतडतो आणि त्याला उचलून घेतलेले आवडत नाही. मागचे पाय नीट आधाराने न धरल्यास झटका देऊन तो स्वतःचाच कणा मोडून घेतो. बाबांच्या गुडघ्यांना वाकणे जमत नाही, तेव्हा पिंजरा टेबलाच्या उंचीवर ठेवावा लागेल. करड्या रंगाची दोन पिल्ले मी मनाशी तुमच्यासाठी धरली आहेत, पण दोन्ही माद्याच आहेत याची डॉक्टरांनी खात्री करून दिल्याशिवाय आईने नावे ठरवू नयेत. या वयात नर-मादी ओळखण्यात जाणकारही फसतात.

तुमची लेक