डोळ्यापुढचा पडदा अंगावर काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन असतो. त्या सुमारास तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं सगळीकडे छापून येतात. डोळ्यांबद्दल मात्र क्वचितच कुणी लिहितं. म्हणून हे पत्र.

माझे यजमान ६३ वर्षांचे. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. गेल्या वर्षी एका सकाळी पेपर वाचताना म्हणाले, "अगं, उजव्या डोळ्यावर वरून पडदा सरकल्यासारखं झालं." दुखलं नाही, लाली नाही. पाच-सात मिनिटांत पुन्हा स्वच्छ दिसू लागलं. आम्ही गेलो चष्म्याच्या दुकानात. नंबर तपासून झाला, मोतीबिंदू असेल म्हणाले, आम्ही निर्धास्त. चौथ्या दिवशी पहाटे त्यांचा डावा हात-पाय गेला.

नंतर मेंदूच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मानेच्या उजव्या धमनीत चरबीचा थर साचला होता. त्यावरच्या गुठळीचा एक कण सुटला आणि डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडकून विरघळला. पुढची गुठळी त्याच धमनीतून मेंदूच्या उजव्या भागात गेली, म्हणून शरीराची डावी बाजू गेली. अशा पडद्यानंतर पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. नेमके तेच आम्ही घालवले. त्याच दिवशी मानेची डॉपलर सोनोग्राफी, ईसीजी आणि मेंदूचा एमआरआय करून औषध सुरू झालं असतं, तर धोका बराच कमी झाला असता.

त्यांनी एक सोपी गोष्टही शिकवली. दिसेनासं झालं की एकेक डोळा झाकून बघायचं. एकाच डोळ्याला अंधार असेल तर बिघाड त्या डोळ्यात किंवा त्याच्या रक्तपुरवठ्यात. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं अर्धं दिसत नसेल तर मेंदूत. मात्र बघण्यात वेळ घालवायचा नाही. अचानक एकाचे दोन दिसू लागले तरी वेळ न घालवता रुग्णालय गाठायचं.

बाळंतिणींचंही सांगायला हवं. न थांबणारी डोकेदुखी आणि धूसर दिसणं हे मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं. थकव्यावर किंवा जागरणावर ढकलू नये.

दिसणं परत आलं तरी रुग्णालय गाठावं, १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. घरची अॅस्पिरिन परस्पर देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती घातक ठरते.

आपल्या आरोग्य पुरवणीत पक्षाघाताच्या लक्षणांत डोळाही छापावा. आणि चष्म्याच्या दुकानदारांनी "पडदा आला होता" असं ऐकल्यावर नंबर तपासण्याआधी गिऱ्हाइकाला दवाखान्यात पाठवावं, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड